आधीचा फोटो, नंतरचा फोटो

‘सात दिवस क्रीम लावा, मूळ रंग गोरा होतो, फोटो बघा.’ घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड दर लग्नसराईत येतो. फोटो पटण्यासारखेच असतात, म्हणून आधी तेच तपासले. भाचीचा एक फोटो जिन्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढला, दुसरा गॅलरीत उजेडाकडे तोंड करून. मध्ये पाच मिनिटं, क्रीम शून्य, तरी दोन शेडचा फरक! (भाची म्हणाली, पहिला डिलीट कर.)

आता मूळ रंगाचं. मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. ते बनवणाऱ्या पेशी सावळ्या-गोऱ्या सगळ्यांत साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात, हे मुख्यतः जनुकं ठरवतात. उन्हाचा रापलेपणा उतरतो, तोही मूळ रंगापर्यंतच. मूळ रंग बघायचा तर दंडाची आतली बाजू बघा, तिथे ऊन फारसं लागत नाही.

लावताक्षणी येणारा उजळपणा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीचा. चेहरा धुतला की जातो. मात्र ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांशिवाय चेहऱ्यावर रोज लावलं तर त्वचा पातळ होते, पुरळ येतं. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा.