जर्सी विकून खेळाडूची किंमत वसूल होते का?

"एवढे पैसे मोजले तर काय झालं, नुसत्या जर्सी विकूनच वसूल होतील!" उन्हाळ्यात युरोपात फुटबॉलपटूंची खरेदी-विक्री सुरू झाली की हा मेसेज हमखास फिरतो. नव्या नावाच्या जर्सीसाठी लागलेली रांग पाहिली की तो पटतोही.

पण जर्सीचे सगळे पैसे क्लबकडे जात नाहीत. कर, दुकानदार आणि किट बनवणारी कंपनी यांचे वाटे आधी निघतात. क्लबला साधारणपणे कंपनीकडून दरवर्षी ठरलेली रक्कम मिळते आणि वर विक्रीवर थोडी रॉयल्टी. समजा, जर्सी 100 युरोची आणि क्लबचा वाटा 10 युरो. मग 10 कोटी युरोच्या खेळाडूसाठी 1 कोटी जर्सी खपायला हव्यात. त्याचा पगार तर वेगळाच! शिवाय यातले कित्येक चाहते एरवीही जर्सी घेतातच, फक्त पाठीवरचं नाव बदलतं.

पडताळायचं असेल तर क्लबचे वार्षिक हिशेब उघडा. बरेच मोठे क्लब ते जाहीर करतात. प्रक्षेपण हक्क, तिकिटं, व्यापारी करार असं उत्पन्न त्यात वेगवेगळं मांडलेलं असतं. खेळाडूची किंमत मात्र खर्चात एकदम दिसत नाही, कराराच्या वर्षांत विभागलेली असते: वरच्या 10 कोटी युरोच्या खेळाडूचा 5 वर्षांचा करार असेल तर दरवर्षी 2 कोटी युरो.