कायाशिमा (रेल्वे स्थानक)

जपानच्या ओसाका प्रांतात नेयागावा शहरात असलेले उपनगरी रेल्वे स्थानक. केइहान या खासगी कंपनीच्या मुख्य मार्गावरील हे स्थानक ओसाकातील योदोयाबाशी या टोकापासून सुमारे १३ किमी. अंतरावर आहे. मार्गावरील त्याचा क्रमांक केएच १६ असा आहे. कंपनीच्या नावात क्योतोचे ‘केइ’ आणि ओसाकाचे ‘हान’ अशी दोन अक्षरे एकत्र आली आहेत. या दोन शहरांना जोडणारा मार्ग १५ एप्रिल १९१० रोजी सुरू झाला, तेव्हापासून हे स्थानक आहे. स्थानकाचा काही भाग नेया नदीच्या पात्रावर येतो. फलाटाच्या मधोमध छत भेदून वर गेलेल्या कापराच्या जुन्या झाडामुळे ते जपानबाहेरही माहीत झाले.

मार्ग रुंद गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर) नसून १,४३५ मिमी. म्हणजे प्रमाण गेजचा आहे. जपानच्या सरकारी रेल्वेने मुख्यतः १,०६७ मिमी. गेज वापरले, त्यामुळे हा फरक लक्षात ठेवावा लागतो. ओसाकाच्या बाजूला गामो ते मोरिगुची या टप्प्यावर केइहानने १९३३ मध्येच चार रूळमार्ग टाकले होते. जलद व धिम्या गाड्या वेगळ्या रुळांवरून चालवण्याची ही सोय जपानी खासगी रेल्वेत फार लवकर आली. युद्धोत्तर काळात उपनगरे वाढली आणि चौपदरीकरण पुढे नेयागावाकडे न्यावे लागले. त्याच कामात कायाशिमा स्थानक जमिनीवरून उचलून उन्नत मार्गावर नेण्याचे ठरले. नियोजन साधारण १९७२ पासूनचे, तर उन्नत स्थानक १९८० च्या सुमारास पुरे झाले. आज दोन बेट-फलाट (दोन्ही बाजूंना रूळ असलेले फलाट) व चार रूळमार्ग आहेत. क्योतोच्या बाजूला जवळच गाड्यांचे आगार असल्याने काही धिम्या गाड्या येथेच संपतात.

विस्तारासाठी लागणाऱ्या जागेत हे झाड येत होते. जपानी भाषेत त्याला ‘कुसुनोकी’ म्हणतात. उंची सुमारे २० मी. आणि खोडाचा घेर सुमारे ७ मी. सांगितला जातो. झाड न तोडता फलाट व छत दोन्हींत भोक ठेवून बांधकाम त्याच्याभोवती करण्यात आले. मुळे खाली जमिनीत आहेत, खोड फलाटावर काचेच्या आवरणातून दिसते आणि फांद्यांचा विस्तार छताच्या वर आहे. वर उभ्या असलेल्या प्रवाशाला झाडाचा मधलाच भाग दिसतो. बुंधा पाहायचा तर जिना उतरून पुलाखाली जावे लागते.

झाडाचे वय ७०० वर्षे असल्याचे सर्रास लिहिले जाते. हा आकडा अंदाजाचा आहे. जुनी कापराची झाडे आतून पोकळ होतात, त्यामुळे वलये मोजून वय काढणे बहुधा शक्य नसते आणि घेर व स्थानिक परंपरा यांवरच भिस्त ठेवावी लागते. कागोशिमा प्रांतातील कामो येथील कापरवृक्षाचा घेर २४ मी.हून अधिक असून त्याचे वय १,५०० वर्षे सांगतात. घेर आणि वय यांचे प्रमाण किती सैल असते, हे या तुलनेवरून दिसेल. ओलसर गाळाच्या जमिनीत ही झाडे जोमाने वाढतात, हेही विचारात घ्यायला हवे. ‘काही शतके जुने’ एवढे म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. ‘काया’ म्हणजे छपरासाठी वापरायचे उंच गवत व ‘शिमा’ म्हणजे बेट. नावातून पाणथळ सखल भागाची आठवण उरली आहे. येथील शेतवस्ती एदो काळातील (१६०३–१८६८) मानली जाते. तेव्हा ७०० वर्षे खरी धरली, तर झाड गावापेक्षा बरेच आधीचे ठरते.

वनस्पती म्हणून हा वृक्ष दालचिनी व तमालपत्र यांच्या कुळातला, सदाहरित आहे. आरतीसाठी जाळला जाणारा नैसर्गिक कापूर याच जातीच्या लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळत असे. मराठीत ज्याला भीमसेनी कापूर म्हणतात तो मात्र सुमात्रा-बोर्निओकडील निराळ्या कुळातील वृक्षाचा. दोन्हींची गल्लत होऊ नये.

झाड का वाचले, याबद्दल दोन कथने आहेत. पहिल्यात, ते तोडण्याची चर्चा सुरू होताच कोप झाला असे सांगतात: फांदी तोडणाऱ्याला ताप भरला, पांढरा साप दिसला, खोडातून धूर निघाला. इंग्रजी लेखनात हेच कथन पुन्हापुन्हा येते. दुसरे कथन स्थानकातील कंपनीच्या फलकावर आहे. त्यात रहिवाशांच्या झाडावरील श्रद्धेचा मान राखून ते पुढील पिढ्यांसाठी ठेवल्याचे म्हटले आहे, कोपाचा उल्लेख नाही. जपानमध्ये देवळाच्या पवित्र वृक्षांविषयी अशा कोपकथा जागोजागी आढळतात, म्हणून पहिले कथन याच स्थानकातून निर्माण झाले असे समजण्याचे कारण नाही. फलकावरील कथन अधिक ग्राह्य वाटते. लोकांनी मागितले आणि रेल्वेने ऐकले, ही घटना भीतीच्या गोष्टीपेक्षा कमी मोलाची नाही.

बुंध्याशी कायाशिमा हे शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे देवस्थान उन्नत मार्गाखालीच आहे. विद्येचे दैवत मानला गेलेला सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) तेथील पूज्य देवतांपैकी एक होय. सध्याची वास्तू स्थानकाच्या उभारणीच्या वेळी रेल्वे कंपनीने बांधून दिली. पवित्र वृक्षाला बांधतात तशी गवताची जाड वळलेली दोरी, ‘शिमेनावा’, येथेही खोडाभोवती असते.