जुन्या हायब्रीड मोटारींच्या मूळ बॅटरीचे आयुष्य (गोवा)

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत कारखान्यातूनच बसवून येणारी उच्च दाबाची बॅटरी किती वर्षे टिकते, हा या नोंदीचा विषय. ढोबळ उत्तर आठ ते पंधरा वर्षे असे आहे. अडीच-तीन लाख किलोमीटर धावूनही मूळ बॅटरी शाबूत असलेल्या गाड्या जगभर आहेत. गोव्यात मात्र किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. इथे बॅटरी धावून झिजण्यापेक्षा उभी राहून, दमटपणाने आणि धुळीने जास्त खराब होते. जुनी हायब्रीड घेणारा ‘गाडी कमी चाललेली आहे’ एवढ्यावर खूश होतो आणि नेमका तिथेच चुकतो.

टोयोटाने पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आणली. भारतात जून २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रीड पूर्ण आयात होऊन आली, २०१० मध्ये प्रियस आली आणि ऑगस्ट २०१३ पासून टोयोटाची कॅमरी हायब्रीड बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात जुळू लागली. या तिन्ही महाग गाड्या असल्याने गोव्यात त्या मोजक्याच. त्यातही बऱ्याच पुणे, मुंबई, बेंगळुरूहून दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू होताना हायब्रीड गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला आणि नव्या गाड्यांची आवक आणखी आटली. म्हणून आज ‘जुनी हायब्रीड’ म्हटले की बहुतेक वेळा कॅमरी, क्वचित सिव्हिक किंवा प्रियस असते. २०१५ पासूनच्या मारुती सियाझ आणि अर्टिगा डिझेलवर ‘एसएचव्हीएस’ (सुझुकीच्या सौम्य हायब्रीडचे नाव) असा बिल्ला असतो, पण त्यांत साधी १२ व्होल्टची मोठी लेड-ॲसिड बॅटरी आहे. ती तीन ते पाच वर्षांनी इतर गाड्यांसारखीच बदलावी लागते. तिला या चर्चेत गोवू नये.

प्रियस, सिव्हिक आणि कॅमरी या तिन्ही गाड्यांत निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी असते. प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत २८ मॉड्यूल, प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे १६८ सेल आणि एकूण २०१.६ व्होल्ट. कॅमरीत ३४ मॉड्यूल आणि २४४.८ व्होल्ट, सिव्हिकमध्ये १३२ सेल आणि १५८ व्होल्ट. आकाराने ही बॅटरी लहान असते. प्रियसच्या बॅटरीत जेमतेम १.३ किलोवॅट-तास वीज मावते. तरी ती इतकी वर्षे टिकते, याचे श्रेय गाडीच्या संगणकाला द्यायला हवे. टोयोटाचा संगणक बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. चार्ज साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळत राहतो आणि बहुतेक वेळ साठच्या आसपास असतो. मोबाइलची बॅटरी रोज शंभरावर नेऊन शून्यावर आणणाऱ्या आपल्याला ही शिस्त नवी वाटते, पण आयुष्याचे रहस्य तेच आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली २००२ ची प्रियस मूळ बॅटरीसह तपासली. मायलेज जवळजवळ नव्या गाडीइतकेच भरले.

सिव्हिकची कथा वेगळी. तिच्या लहान बॅटरीवर ताण जास्त पडे आणि अनेक देशांत ती आठ-दहा वर्षांच्या आतच थकू लागली. २०१० मध्ये होंडाने अमेरिकेतल्या गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलून हा ताण कमी करण्याचा प्रयत्न केला. या गाडीचा एक गुण मात्र सांगायला हवा. तिच्यात वेगळा १२ व्होल्टचा स्टार्टर असल्याने मोठी बॅटरी निकामी झाली तरी ती नुसत्या पेट्रोलवर घरी पोचते. प्रियस आणि कॅमरीत इंजिन फिरवण्याचे कामच मोठी बॅटरी करते. ती बसली की गाडीही बसली.

सेल म्हातारा होतो म्हणजे आत काय होते? हायड्रोजन शोषणारा मिश्रधातू हळूहळू गंजतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आटत जाते आणि आतला रोध वाढतो. रोध वाढला की तोच प्रवाह जास्त उष्णता निर्माण करतो, आणि उष्णतेने ही सगळी क्रिया आणखी वेगाने होते. सगळे सेल एका ओळीत जोडलेले असल्यामुळे १६८ पैकी एक जरी ढिला पडला तरी पूर्ण बॅटरी त्याच्या चालीने चालते. संगणक मॉड्यूलच्या जोड्यांचे व्होल्टेज सतत ताडून पाहतो. एखादी जोडी इतरांपेक्षा फार खाली घसरू लागली की मीटरवर लाल त्रिकोण पेटतो आणि संगणकाने नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०ए८० हा बॅटरी खराब असल्याचा कोड येतो.

गोव्याच्या हवेचे या संदर्भात दोन चेहरे आहेत. विदर्भासारखा ४५ अंशांचा उन्हाळा इथे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३३-३४ च्या घरात राहतो. तेवढ्यापुरते गोव्याचे हवामान बॅटरीला मानवते. पण काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत तापमान ५५-६० पर्यंत चढते आणि बॅटरी त्याच हवेत असते. दुसरा चेहरा समुद्राचा आहे. किनाऱ्यालगत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, महिनोन्‌महिने ओली हवा आणि त्यात मिठाचा अंश. बार्देश, मुरगाव, सासष्टीच्या किनारपट्टीत वाढलेल्या गाडीची बॅटरी उघडली, तर मॉड्यूलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारांच्या टोकांशीही तोच हिरवा गंज असतो. अशा वेळी सेल ठीक असूनही संगणकाला चुकीचे आकडे मिळतात आणि तो बॅटरी मेल्याचा निवाडा देतो. पट्ट्या काढून घासून, किंवा नव्या घालून, हा दोष कित्येकदा जातो. म्हणून पी०ए८० दिसताच नवी बॅटरी मागवण्याची घाई करू नये. आधी झाकण उघडून पट्ट्या पाहाव्यात.

धूळ ही तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. ही बॅटरी थंड ठेवण्यासाठी गाडीच्या आतली हवा पंख्याने ओढली जाते. प्रियसमध्ये हवेची जाळी मागच्या सीटच्या कडेला आहे, २०१३ च्या कॅमरीत मागच्या काचेखालच्या फळीवर. त्या फळीवर लोक छत्र्या, टॉवेल, उशा टाकतात, जाळी झाकली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडे फिरणाऱ्या गाडीचा हा पंखा बाहेर काढून पाहावा. पात्यांच्या आतल्या वळणात जांभ्याची तांबडी धूळ, सीटच्या कापडाचे तंतू आणि घरात कुत्रा असेल तर त्याचे केस यांचा थर बसलेला असतो. हाताने खरवडला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. दर वर्षी पावसाळा संपल्यावर हा पंखा साफ करून घेतला, तर बॅटरीचे आयुष्य वाढते. काम तासाभराचे असते, पण शोरूमच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते आपोआप होईलच असे नाही. सांगून करून घ्यावे.

घाटांचाही परिणाम होतो. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना ब्रेकची वीज साठून बॅटरी पायथ्याच्या केरीपर्यंत पोचायच्या आधीच वरच्या मर्यादेला टेकते. मग संगणक जादा शक्ती खपवण्यासाठी इंजिन मोठ्याने फिरवतो. नव्या मालकाला वाटते गाडी बिघडली, पण ते बॅटरी वाचवण्यासाठीच चाललेले असते. अशा उतारावर गिअर ‘बी’वर टाकला, तर बॅटरीत जाणारा प्रवाह कमी होतो आणि ती तापतही कमी.

आता उभ्या गाडीकडे. गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे, कारण गाडीचा मालक बोटीवर किंवा आखातात आणि गाडी शेडमध्ये, असे चित्र सासष्टीत तर नेहमीचेच. सहा-आठ महिन्यांच्या कंत्राटावर गेलेला माणूस परत येतो तेव्हा गाडी चालू होत नाही. निकेल-मेटल हायड्राइड सेल वापराविना आपोआप उतरत जातात आणि सगळे सारखे उतरत नाहीत. कमजोर सेल आधी तळ गाठतो आणि तिथून तो पूर्वपदावर येत नाही. टोयोटाच्या पुस्तिकेतली सूचना स्पष्ट आहे: दर दोन-तीन महिन्यांनी निदान अर्धा तास किंवा १६ किलोमीटर गाडी चालवावी. मागे राहिलेल्या भावाला किंवा शेजाऱ्याला चावी देताना एक गोष्ट जरूर सांगावी. गाडी नुसती सुरू ठेवायची असेल तर गिअर ‘पी’वर हवा आणि मीटरवर ‘रेडी’ उमटलेले हवे. ‘एन’वर ठेवली तर मोठी बॅटरी चार्ज होतच नाही.

बंद गाडीत बहुधा आधी मरते ती मात्र डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती उतरली की संगणकच जागा होत नाही, मीटरवर भलतेसलते दिवे लागतात आणि घाबरलेल्या मालकाला मोठ्या बॅटरीचा खर्च सांगितला जातो. छोटी बॅटरी आधी तपासून घ्यावी. ती स्वस्त आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे तेच उपकरण) लावून जोड्यांचे व्होल्टेज पाहावे, तेही चालत्या गाडीत, चढावर. उभ्या गाडीत सगळे सेल सज्जन दिसतात. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर एखादी जोडी इतरांपेक्षा व्होल्टभर खाली गेली, तर किंमत उतरवून मागावी. चार्जचे कांडे काही मिनिटांतच वर-खाली उडत असतील, किंवा मागच्या सीटमागे पंखा सतत घोंघावत असेल, तरी तेच. जीए ०८ (मडगाव) नंबरची कमी चाललेली पण वर्षानुवर्षे उभी राहिलेली कॅमरी आणि बेंगळुरूत रोज ऑफिसला जाणारी दीड लाख किलोमीटरची कॅमरी समोर असेल, तर बॅटरीपुरते मी दुसरीच निवडेन.

बॅटरी खरोखर संपली की दोन वाटा असतात. कंपनीची नवी पूर्ण बॅटरी ही महाग पण निश्चिंत वाट. दुसरी म्हणजे खराब मॉड्यूल काढून त्या जागी वापरलेली चांगली मॉड्यूल घालणे. ही दुरुस्ती थकलेल्या बैलाशेजारी ताजा बैल जुंपण्यासारखी आहे: नांगर थोडे दिवस चालतो आणि मग उरलेल्यांपैकी दुसरा बसतो. सगळी मॉड्यूल मोजून, क्षमता जुळवून, चार्ज समान करून लावली, तर वर्ष-दोन वर्षे निघू शकतात. नुसता कोड घालवण्यापुरती केलेली दुरुस्ती काही महिनेच टिकते. गाडी विकायच्या आधी झालेली अशी दुरुस्ती हा तर शुद्ध धोका आहे.

दुरुस्तीत जिवाचा प्रश्नही आहे. केशरी रंगाच्या केबलमध्ये दीडशे व्होल्टच्या वरचा एकदिश प्रवाह असतो. केशरी सर्व्हिस प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवणारे कपॅसिटर उतरेपर्यंत दहा मिनिटे थांबावे लागते आणि हातात त्या व्होल्टेजसाठी प्रमाणित रबरी मोजे लागतात. ज्याच्याकडे ते मोजे नाहीत, त्याला बॅटरीच्या झाकणाला हात लावू देऊ नये. पुराचे पाणी डिकीत किंवा सीटखाली शिरलेल्या गाडीच्या बाबतीत तर अजिबातच नाही. ती सुरू न करता टोइंगने न्यावी.

२०२२ पासून भारतात आलेल्या टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि होंडा सिटीच्या हायब्रीडमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे, तर इनोव्हा हायक्रॉसने निकेल-मेटल हायड्राइडच ठेवली. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रीड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर वॉरंटी मिळते. बंद पडलेली बॅटरी भंगारवाल्याला विकू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे ती शोरूममार्फतच परत द्यावी आणि दिल्याची पावती घ्यावी.