ज्वारी, बाजरी, नाचणी : ‘भरड’चा शिक्का कसा बसला आणि कसा पुसला गेला

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, कोदो, सावा, कुटकी, चीना ही धान्ये तोवर सरकारी कागदांत ‘भरड धान्ये’ होती, ती ‘पौष्टिक धान्ये’ झाली. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष त्यांच्या नावे केले, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांना ‘श्री अन्न’ म्हटले गेले. शहरातल्या दुकानांत तेवढ्यात ‘मिलेट’ आणि ‘सुपरफूड’ या पाट्या लागल्या होत्या. पाच वर्षांत इतकी नावे बदललेले दुसरे धान्य आठवत नाही. त्यामागची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे.

आधी ‘भरड’ हा शब्दच बघायला हवा, कारण घोळ तिथून सुरू होतो. मराठीत भरड म्हणजे जात्यावर जाडसर दळलेले. ही दळणाची जात झाली, धान्याची नव्हे. गव्हाचीही भरड निघते, हरभऱ्याचीही निघते. उलट भाकरीचे पीठ बारीकच लागते, नाहीतर भाकरी थापतानाच चिरते. धान्यालाच भरड म्हणणे आले ते इंग्रजी सरकारी वर्गवारीच्या भाषांतरातून. त्या वर्गवारीत तांदूळ-गहू वर आणि उरलेले सगळे एका पोत्यात होते. त्यामुळे मकाही भरड ठरला. हमीभावाने होणाऱ्या ‘भरड धान्य खरेदी’त आजही ज्वारी-बाजरीच्या बरोबरीने मका मोजला जातो. २०१८ च्या यादीतून मका वगळला गेला, पण गवताच्या कुळातलाच नसलेला राजगिरा आणि कुट्टू आत आले. पोषणाच्या दृष्टीने राजगिऱ्याबद्दल तक्रार नाही. पण यादी वनस्पतिशास्त्राची की पोषणाची की बाजाराची, हे ठरवल्याशिवाय ती केली गेली, असे माझे मत आहे.

बारीक धान्यांच्या नावांचा गुंता तर याहून मोठा. वरई म्हणून एका भागात जे पेरतात त्याला दुसरीकडे सावा म्हणतात, तिसरीकडे कुटकी. काही मराठी तक्त्यांत वरईसमोर चीना या धान्याचे शास्त्रीय नाव असते, काहींत कुटकीचे. उपवासाची भगर विकत घेताना पिशवीत यांपैकी नेमके काय आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मग ‘वरईत अमुक इतके लोह’ असे छापलेले वाचताना ते कोणत्या वरईचे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

लांबच्या इतिहासाचे थोडक्यात सांगता येईल. ज्वारी, बाजरी आणि नाचणी मूळच्या आफ्रिकेतल्या, काही हजार वर्षांपूर्वी इथे येऊन रुजलेल्या. कोदो आणि कुटकी इथल्याच. इंग्रजांच्या जमीन मोजणीत कोकण-मावळातली नाचणी-वरीची उताराची जमीन ‘वरकस’ म्हणून नोंदली गेली आणि तिचा सारा भातजमिनीपेक्षा कमी लावला गेला. हलकी जमीन, हलका सारा, हलके धान्य आणि ते खाणारा माणूसही हलका, अशी उतरंड कागदावर पक्की झाली.

खरी पडझड स्वातंत्र्यानंतरची. १९५४ नंतर अमेरिकेतून सवलतीचा गहू येऊ लागला. साठच्या दशकात हरितक्रांतीचा पैसा, पाणी आणि हमखास खरेदी गहू-तांदळाच्या वाट्याला आली. ज्वारी-बाजरीलाही संकरित वाण मिळाले : ज्वारीचा पहिला १९६४ मध्ये, बाजरीचा १९६५ मध्ये. गावांनी त्या ज्वारीला ‘हायब्रीड’ असेच नाव ठेवले. उतारा भरघोस यायचा, पण खरिपाची ही ज्वारी ऐन परतीच्या पावसात सापडून काळी पडायची, आणि मालदांडी या रब्बीच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्यांना तिची चव रुचली नाही. पिकवायची हायब्रीड, खायची मालदांडी, असे कित्येक घरांत चालले.

मग १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे खडी फोडत, बंधारे घालत होती. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. मिलोच्या भाकरीबद्दल त्या पिढीतली माणसे आजही तोंड वाकडे करून बोलतात. मिलो हा निकृष्ट गव्हाचा प्रकार होता, असा समज अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात मिलो म्हणजे ज्वारीच, तिकडे मुख्यतः गुरांच्या खाद्यासाठी पिकवलेली. ज्वारीच्या मुलखाने ज्वारी खाऊनच दुष्काळ काढला आणि तिला ज्वारी म्हणून ओळखले नाही. त्या आठवणीने ‘रेशनची ज्वारी’ हे शब्दच नकोसे केले, असे मला वाटते.

त्याच काळात पोषणशास्त्रही ज्वारीच्या बाजूने नव्हते. साठच्या दशकात हैदराबादच्या संशोधकांना तेलंगणातल्या गरीब ज्वारीखाऊ मजुरांमध्ये पेलाग्रा आढळत होता. नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या आजारात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे पडतात. ज्वारीतल्या ल्युसीन या प्रथिनघटकाच्या जादा प्रमाणामुळे तो होतो, अशी मांडणी तेव्हा झाली आणि पुढे तिच्यावर बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा त्या मजुराचे ताट महत्त्वाचे वाटते. त्यात ज्वारीखेरीज फारसे काही नसायचे. डाळ, दूध, पालेभाजी बेताचीच. आज ज्याला सुपरफूड म्हणतात त्याच धान्यावर एकट्यावर जगायची वेळ आली की माणूस आजारी पडत होता.

म्हणून आजचे दावेही ताटासकट तपासायला हवेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. ही तफावत खरी आणि मोठी आहे. बाजरीत ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. पण धान्यातच असलेल्या, लोह धरून ठेवणाऱ्या फायटेटमुळे त्यातले बरेचसे अंगी लागत नाही. मोड आणले, आंबवले तर जास्त मिळते. नाचणीला मोड आणणे, आंबील करणे हे शहाणपण घराघरांत होतेच. चोथ्याच्या बाबतीत मात्र ज्वारीची तुलना पॉलिश केलेल्या तांदळाशी नाहीतर मैद्याशी केली जाते. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात चोथा जवळपास ज्वारीइतकाच असतो. आणि ‘रागी बिस्किटा’त मैदा, साखर किती हे पाकीट उलटून वाचल्याशिवाय कळत नाही.

‘सुपरफूड’ हा शब्द तर शास्त्राचा नव्हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केळी खपवण्यासाठी तो जाहिरातीत वापरला गेला. युरोपीय संघाने २००७ पासून मान्यताप्राप्त आरोग्यविषयक दाव्याशिवाय तो वेष्टनावर छापायला मनाई केली. आपल्याकडे त्याची भरभराट झाली ती नेमकी त्यानंतर.

दरम्यान शेतात काय घडले? साठच्या दशकात देशात ज्वारीचे क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर होते, आता ते ४० लाखांच्या आसपास उरले आहे. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देऊ केल्या, तेव्हा काळी पडलेली ज्वारी नाहीतरी वायाच जाते, हे समर्थन दिले गेले. त्यावर राज्यात मोठा वाद झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरला. स्वस्तात स्वस्त तेच, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक शिधापत्रिकांवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळच मिळत राहिले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट झाले.

त्याच वर्षी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता, नाचणीचा ३,८४६, आणि त्या रब्बीच्या गव्हाचा २,२७५. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मालदांडी अजूनही हातानेच उपटावी लागते, कारण कडबा मुळापासून हवा असतो, आणि उपटणीला मजूर मिळत नाहीत. हातांना फोड आणणारे ते काम करणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवशी बहुधा रेशनच्या गव्हाची पोळी असते.