कुंडीतील झाडांना पाणी देणे

घरात वाढवलेल्या कुंडीतील झाडांच्या मुळांना ओलावा आणि हवा ही दोन्ही पुरेशी मिळतील अशा बेताने पाणी देण्याची पद्धत. मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत पाणी असते, त्या अवस्थेला शेतीत वाफसा म्हणतात. कुंडीत ती वरचेवर साधणे हे या पद्धतीचे मर्म होय. ती बिघडल्याची सर्वपरिचित खूण म्हणजे पिवळी पडणारी पाने.

झाडे कुंडीत लावण्याच्या प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. इ. स. पू. १५ व्या शतकातील हॅटशेपसुट या राज्यकर्तीच्या ईजिप्तमधील मंदिरात, टोपल्यांतून मुळांसह नेल्या जाणाऱ्या सुगंधी झाडांची शिल्पे आहेत. त्यांना या प्रथेचा आद्य पुरावा मानले जाते. मात्र ती चित्रे वाहतुकीची असल्याने हा निष्कर्ष जपूनच स्वीकारावा. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीव्हन हेल्स यांनी १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांना अधिक भक्कम आधार आहे. त्यांनी सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकले आणि कुंडी रोज वजन करून पानांवाटे उडून जाणारे पाणी मोजले. कुंडी उचलून तिच्या वजनावरून पाण्याची गरज ओळखण्याच्या आजच्या रीतीमागे हेच तत्त्व आहे.

कुंडीतले पाणी जमिनीतल्या पाण्यासारखे वागत नाही. पाणी देऊन निचरा थांबल्यावरही केशाकर्षणामुळे (बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात त्यामुळे) तळाशी संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला, थर उरतो आणि त्याची उंची मुख्यतः कुंडीतल्या माती-मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. भिजवलेला स्पंज आडवा धरावा, ठिबकणे थांबू द्यावे आणि मग तोच उभा करावा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. उथळ कुंडी खोल कुंडीपेक्षा प्रमाणाने अधिक ओली का राहते, हे यावरून ध्यानात येते. निचऱ्यासाठी तळाशी खडे घालण्याचा सल्ला जुना व रूढ असला, तरी बारीक कणांतले पाणी संपृक्त झाल्याखेरीज खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहसा उतरत नाही. खड्यांमुळे ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

अतिपाण्याने पाने पिवळी का पडतात, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट हळू पसरतो, त्यामुळे मुळे गुदमरतात आणि पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांमुळे कुजतात. नत्राचे शोषण थांबले की झाड जुन्या पानांतले नत्र नव्या पानांकडे वळवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. ब्रॅडफर्ड आणि यांग या संशोधकांनी १९८० मध्ये टोमॅटोवर दाखवून दिले की पाण्यात बुडालेल्या मुळांत एथिलिनचे (वनस्पतींतील एका वायुरूप संप्रेरकाचे) पूर्वद्रव्य साचते, ते वर पानांत चढते आणि तेथे ऑक्सिजन मिळताच त्याचे एथिलिन होते. देठ खाली वाकण्याचा उलगडा यातून समाधानकारक होतो. सावकाश येणाऱ्या पिवळेपणाला नत्राचे स्पष्टीकरण अधिक लागू पडते, असे म्हणता येईल.

मुळे कुजली की झाड ओल्या मातीतही मलूल दिसते. ते तहानलेले समजून आणखी पाणी घातले जाते आणि अनेक झाडे अशीच दगावतात. म्हणून वाराप्रमाणे पाणी न देता बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, पाणी भोकांतून वाहेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार वाळून कडेपासून सुटले असेल, तर पाणी त्या फटीतूनच निसटते; अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. पाण्याच्या अभावाने पिवळी पडलेली पाने बहुधा कडांना करपून कुरकुरीत होतात, तर अतिपाण्याची मऊ राहतात. शिरा हिरव्या राहून कोवळी पानेच पिवळी पडत असतील, तर कारण वेगळे असते: कठीण (क्षारयुक्त), अल्कधर्मी पाण्यामुळे मातीतले लोह मुळांना घेता येत नाही, आणि लोह जुन्या पानांतून नव्यांकडे सहजी जात नाही.