लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलता येतं ते कुणामुळे? थोडं मागचं

२०२० च्या लॉकडाऊनमधे पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतलेले पंचवीस-तीस हजारांचे लॅपटॉप आता एकेक करून सोलापुरात नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर दिसायला लागलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच, मालक, वायफाय दिसंनाच झालंय, कालपर्यंत सगळं बरोबर होतं. मग मालक लॅपटॉप उलटा करतात, मागचे स्क्रू काढतात, पॅनल उचकटतात आणि आतून बोटाच्या पेराएवढं हिरवं नाहीतर काळं कार्ड काढून दाखवतात, हे गेलंय, दुसरं टाकू. ज्याचा लॅपटॉप आहे त्याला आश्चर्य वाटतं, कारण त्याला वाटत असतं वायफाय म्हणजे मशीनच्या आतच कुठेतरी असतंय, त्याचा वेगळा पार्ट मिळतो हे माहीतच नसतं. पण मला वेगळाच प्रश्न पडतो. साउंडचं कार्ड वेगळं नाही, यूएसबीचं वेगळं नाही, स्वस्त लॅपटॉपमधे तर रॅमसुद्धा बोर्डावरच चिकटवून देतात, मग वायफाय तेवढं एका स्क्रूवर का बसवलेलं असतं? याचं उत्तर इंजिनिअरिंगमधे थोडं आणि सरकारी लायसन्सच्या फायलींमधे जास्त आहे.

रेडिओ म्हटलं की परवाना, ही जगभरची रीत. आपल्याकडे १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता, त्यात वायरलेसचं यंत्र नुसतं जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागायचा. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. तिथल्या एफसीसीमधे, म्हणजे रेडिओचे परवाने बघणाऱ्या सरकारी संस्थेत, मायकेल मार्कस नावाचा इंजिनिअर होता, त्याने पाठपुरावा केला आणि १९८५ च्या मे महिन्यात ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ या तीन पट्ट्या कमी ताकदीच्या यंत्रांना लायसन्सशिवाय वापरायला मोकळ्या झाल्या. या पट्ट्या म्हणजे तशा भंगारात काढलेल्याच, मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरे तिथेच गोंगाट करायचे, कुणाला नकोच होत्या. (हेडी लामार या नटीने वायफायचा शोध लावला असं व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी फिरतं. १९४२ चं पेटंट खरं आहे, पण ते फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहायच्या युक्तीचं आहे आणि घराघरात पोचलेलं वायफाय त्या युक्तीवर चालतच नव्हतं.)

या मोकळ्या पट्टीचा फायदा पहिल्यांदा उठवणाऱ्यांत गल्ल्याची मशीन बनवणारी एनसीआर कंपनी होती. दुकानातला काउंटर हलवला की केबल परत ओढा, ही कटकट त्यांना नको होती, म्हणून त्यांच्या नेदरलँड्समधल्या टीमने वेव्हलॅन नावाचं कार्ड काढलं. आता इथे आपली गोष्ट सुरू होते, कारण वेव्हलॅनचं एक मॉडेल ९१५ मेगाहर्ट्झचं आणि दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, का, तर अमेरिकेत मोकळी असलेली पट्टी युरोपात मोकळी नव्हती. म्हणजे पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटर तोच आणि रेडिओ देशाप्रमाणे वेगळा, असा प्रकार. तसं असताना रेडिओ बोर्डावर कोण चिकटवणार? पुढे एनसीआरच्याच व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली १९९० मधे ८०२.११ ची, म्हणजे आजच्या वायफायचे नियम ठरवणारी, समिती बसली, १९९७ ला पहिलं स्टँडर्ड निघालं, स्पीड किती तर २ एमबीपीएस, १९९९ ला ८०२.११बी आलं ११ एमबीपीएसचं.

त्याच १९९९ मधे ॲपलने आयबुक काढला. वायफायसकट येणारा लॅपटॉप म्हणून त्याचं नाव घेतलं जातं पण नीट बघितलं तर अँटेना तेवढी मशीनच्या अंगात होती, एअरपोर्ट कार्ड वेगळं ९९ डॉलर मोजून घ्यायला लागायचं. बाकीच्या लॅपटॉपना बाजूला पीसीएमसीआयएचा खाचेसारखा स्लॉट असायचा, त्यात पत्त्याच्या आकाराचं कार्ड घालायचं, त्याचं टोक बाहेर राहायचं आणि बॅगेत घालताना तुटायचं. मग मिनी पीसीआय नावाचा आतला छोटा स्लॉट आला, म्हणजे कार्ड पोटात गेलं आणि अँटेनाच्या वायरी बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला. कंपन्या वायरी आधीच टाकून ठेवायच्या, कार्ड ज्याला पाहिजे त्याला. यात कंपन्यांची सोय होती. रेडिओ असलेल्या प्रत्येक मशीनला प्रत्येक देशात मंजुरी लागते, आपल्याकडे डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस खात्याची लागते, आणि मंजुरी एकदा त्या छोट्या कार्डाची घेऊन ठेवली की तेच कार्ड दहा मॉडेलमधे टाकता येतं. कार्ड मशीनच्या बाहेर काढता येतं ते या कागदपत्रांच्या सोयीमुळे. ग्राहकाला दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून कुणी स्लॉट दिलेला नाही, ते आपल्या पदरात आपोआप पडलं.

२००३ च्या मार्चमधे इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि चित्र पालटलं. लॅपटॉपवर ते स्टिकर पाहिजे असेल तर प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय कार्ड तिन्ही इंटेलचंच घ्यायचं अशी अट होती, जाहिरातीवर त्यांनी ३० कोटी डॉलर ओतले आणि वायफाय नसलेला लॅपटॉप एकदम जुना वाटायला लागला. गंमत म्हणजे त्यातलं पहिलं कार्ड फक्त ८०२.११बी वालं आणि तीन महिन्यांत ५४ एमबीपीएसचं ८०२.११जी मंजूर झालं. ज्यांनी हौसेने घेतलं होतं त्यांनी स्क्रू काढून कार्डं बदलायला सुरुवात केली, कार्ड चांगलं असताना.

आपल्याकडे तोपर्यंत काय होतं, तर सोलापुरात नेट म्हणजे कॅफे, तासाच्या हिशेबाने, लाकडी पार्टिशनच्या मागे. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झची पट्टी कमी ताकदीच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त केल्याचे नियम काढले, घरातला राउटर बिनघोर लावता येतो तो या नियमांमुळे. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँडही त्याच वर्षीचं. ५ गिगाहर्ट्झची पट्टी घराबाहेरसुद्धा पूर्ण मोकळी व्हायला २०१८ उजाडलं.

आता कार्ड बदलायच्या वाटेत घातलेल्या धोंड्याविषयी. थिंकपॅड नावाच्या लॅपटॉपमधे दुसरं कार्ड टाकून मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर १८०२ नंबरचा एरर यायचा, अनधिकृत नेटवर्क कार्ड आहे, काढा म्हणून, आणि मशीन तिथेच थांबायचं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमधे १०४ नंबरचा तसाच मेसेज. बायोसमधे, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधे, मान्य कार्डांची यादी असायची, त्यात नसेल तर प्रवेश नाही. कारण काय सांगायचे, तर मंजुरी त्या कार्डाला त्या अँटेनासकट मिळालेली आहे, तुम्ही दुसरं टाकलं तर नियम मोडतो. नियम अगदीच खोटा नाही, अमेरिकेत अँटेनाविषयी तशी कलमं आहेत. पण त्याच काळात काही कंपन्यांच्या मशीनमधे कुठलंही कार्ड गप बसायचं आणि कायदा तर सगळ्यांना सारखाच होता, त्यामुळे मला तरी ते कारण अर्धं कायद्याचं आणि अर्धं स्पेअर पार्ट विकायचं वाटतं. ज्या लायसन्सच्या भानगडीमुळे कार्ड वेगळं झालं तिचंच नाव पुढे करून ते बदलू न देण्याची सोय केली, असा हा सगळा मामला. यावर आपल्या दुरुस्तीवाल्यांचा तोडगा सरळ होता, त्याच कंपनीच्या मेलेल्या मशीनमधलं कार्ड जपून ठेवायचं, स्टिकरवरचा स्पेअर पार्ट नंबर जुळवायचा, नाहीच मिळालं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कुणालातरी सांगायचं आणि पार्सल मागवायचं. पुढे बायोसमधल्या यादीचा हा प्रकार हळूहळू कमी झाला.

मिनी पीसीआय जाऊन मिनी पीसीआय एक्सप्रेस आलं तेव्हा एक बारीक गंमत झाली जी अजून लोकांना गोंधळात टाकते. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर आले पण वायफाय बोलतं पीसीआय एक्सप्रेसच्या लाइनवर आणि ब्लूटूथ बोलतं यूएसबीच्या, स्लॉट एकच. म्हणून ब्लूटूथचा माउस मस्त चालतोय आणि वायफाय गायब किंवा उलटं, असं होऊ शकतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं कार्ड चांगलंच आहे हो, ब्लूटूथ लागतंय की. दुसरी गोष्ट पिन नंबर २० ची. ही पिन म्हणजे रेडिओ बंद करायची लाइन, लॅपटॉपच्या कडेचा वायफायचा खटका तिच्यावर चालायचा. खटका बिघडला की कार्ड कायमचं बंद, मग जाणकार लोक त्या पिनवर टेपची केसासारखी बारीक पट्टी चिकटवायचे आणि कार्ड परत बसवायचे, वायफाय चालू. नखाएवढ्या जागेत एक पिन झाकायची आणि शेजारची उघडी ठेवायची म्हणजे हात स्थिर पाहिजे.

स्वस्त लॅपटॉपची वेगळी गोष्ट इथून पुढे सुरू होते. २००७ मधे आसुसचा ई पीसी आला, नेटबुकची लाट आली, आणि पैसे वाचवायचे म्हणजे कुठे कुठे वाचवता येतात हे कंपन्यांना कळलं. महागड्या मशीनमधे दोन अँटेनाचं कार्ड, स्वस्तात एकाच अँटेनाचं. एक वायर कमी, अँटेनाची एक पट्टी कमी, चिपही हलकी. रियलटेकची आरटीएल८७२३बीई ही चिप यातली बदनाम, कितीतरी बजेट लॅपटॉपमधे होती, कार्डावर दोन कनेक्टरची जागा आणि मशीनमधे वायर एकच, लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, रिकाम्या कनेक्टरवर ऐकत बसायचा आणि राउटर शेजारी असला तरी एकच काडी. ड्रायव्हरला अँट_सेल असा ऑप्शन देऊन दुसऱ्या कनेक्टरकडे वळवलं की सगळ्या काड्या भरायच्या. कार्ड खराब म्हणून फेकलेल्यातली किती खरोखर खराब होती देव जाणे.

शिवाय अशी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झची. त्या पट्टीत एकमेकांना धक्का न लावणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि जुळे सोलापुरातल्या एखाद्या अपार्टमेंटमधे घरटी फायबर आल्यावर तीन चॅनेलवर सगळी बिल्डिंग. राउटरवाला माणूस ५ गिगाहर्ट्झचं नाव लावून जातो, मोबाइलला ते दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही, की झाली तक्रार सुरू. यात बिघडलेलं काहीच नसतं, त्या कार्डाला तो आवाज ऐकूच येत नाही.

खरंच बिघडलेलं असतं तेव्हा सोलापुरात दोन कारणं नेहमीची. एक म्हणजे उन्हाळा, एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायचा, आणि मशीन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसातलं असेल तर पंख्यात मागावरचे कापसाचे तंतू नमद्यासारखे बसलेले, हवा जाणार कुठून. दुसरं म्हणजे बिजागरी. बजेट लॅपटॉपची बिजागरी प्लास्टिकच्या खुंट्यांवर उभी असते, ती तडकली की अँटेनाची वायर तिच्यात चिमटते, स्क्रीन एका कोनात ठेवली की रेंज आणि जरा हलवली की गेली. हे लक्षण दिसलं तर कार्डावर पैसे घालू नका, वायर बघा. आणि कार्ड पूर्णच गायब झालं असेल तर आधी चार्जर काढून, बॅटरीचा कनेक्टर सोडवून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं, अडकलेलं कार्ड कधीकधी तेवढ्यानेसुद्धा परत येतं.

आता जे कार्ड असतं ते एम.२ नावाच्या स्लॉटचं, २२ बाय ३० मिलिमीटर, एक स्क्रू, २०१३ नंतर हळूहळू हेच सगळीकडे झालं. यातले अँटेनाचे कनेक्टर आधीच्यापेक्षाही बारीक, मोहरीच्या दाण्याएवढे, वरून सरळ दाबले की टक् आवाज येतो, तिरके दाबले तर चपटे होतात आणि मग कार्डासोबत वायरही बदला. हे कनेक्टर पुन्हा पुन्हा काढ-घाल करायला बनवलेलेच नाहीत.

सगळ्यात मोठी फसगत मात्र २०१७ नंतरची. इंटेलने वायफायचा डोक्याचा भाग प्रोसेसर-चिपसेटच्या आत नेला आणि कार्डावर फक्त रेडिओ ठेवला, याला सीएनव्हीआय म्हणतात, आणि आला तो आधी जेमिनी लेक या सेलेरॉन-पेंटियमच्या स्वस्त चिपमधेच. आकार तोच, खाच तीच, कार्ड स्लॉटमधे व्यवस्थित बसतं, पण ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं त्या जातीच्या इंटेल बोर्डाशिवाय चालत नाहीत, एएमडीचा प्रोसेसर असलेल्या मशीनमधे टाकली तर मशीनला कळतसुद्धा नाही की काही बसवलंय. एएक्स२०० आणि एएक्स२१० मात्र पूर्ण कार्डं, एएमडीलाही चालतात. नंबरमधे एका आकड्याचा फरक आणि ऑनलाइन विकणारे फोटो कुणाचाही लावतात, त्यामुळे मागवताना अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

आणि आता पुढची पायरी सुरू झालीच आहे, १२ बाय १६ मिलिमीटरचं मॉड्यूल थेट बोर्डावर सोल्डर केलेलं, ना स्लॉट ना स्क्रू. कंपनीचा खर्चही वाचतो आणि मशीन पातळही होतं. असं मशीन काउंटरवर आलं की दुरुस्तीवाले पॅनल उघडतात, एकदा आत बघतात आणि परत लावतात, कारण ते मॉड्यूल हॉट एअरने उतरवून दुसरं चढवायची मजुरी त्या लॅपटॉपच्या जिवापेक्षा जास्त होते, मग तीन-चारशेचा नखाएवढा यूएसबी डोंगल लावून देतात आणि दोनपैकी एक पोर्ट कायमचा त्यालाच जातो.