एक्स्टेंडर मागितला, फ्लॅप मिळाला

"पुढच्या मडगार्डला खालून लावायचं ते द्या," एवढंच मी बाइकच्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर म्हणालो. समोर काळ्या रबराचा जाड तुकडा आला. "फ्लॅपच ना ओ? घ्या की." घेतला, तिथल्या पोरानं दोन स्क्रू मारून लावूनही दिला. आठवड्याभरानं मोहोळहून सोलापूरला येताना बाळे गावाच्या अलीकडे जळक्या रबराचा वास सुटला. थांबून बघितलं, तर वाऱ्यानं मागे दुमडलेली फ्लॅपची कड सायलेन्सरच्या बेंड पाइपला चिकटून डांबरासारखी ओघळली होती.

दुकानदाराची चूक निम्मीच. आपणही दोन्हीला फ्लॅपच म्हणतो. पण मडफ्लॅप म्हणजे लोंबणारं, लवचीक रबर. मडगार्ड एक्स्टेंडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, मडगार्डच्याच गोलाईत पुढे गेलेला तुकडा. तो हलत नाही, वाऱ्यानं दुमडत नाही, आणि लावल्यावर मडगार्ड कंपनीतूनच तीन-चार इंच लांब आल्यासारखं दिसतं.

एवढ्या तीन-चार इंचांनी काय होतं? धार लावणाऱ्याचं चाक आठवा. ठिणग्या चाकाभोवती फिरत नाहीत, सुटल्या की सरळ रेषेत जातात. टायरवरचा चिखलही तसाच. पुढच्या चाकाचा जो चिखल रस्ता सोडताच लगेच सुटतो, तो खालून मागे, थेट बेंड पाइपवर, इंजिनवर आणि आपल्या बुटांवर येतो. मूळ मडगार्ड बहुतेक वेळा इतकं वर संपतं की हा मारा त्याच्या खालून निसटतो. एक्स्टेंडर तो अडवतो. एअर-कूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्समध्ये (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) चिखल वाळून बसला की हवा खेळत नाही. रेडिएटरवाल्या गाडीत तर चाकानं उडवलेली खडी त्याच्या नाजूक पात्या वाकवते. थोडक्यात, पुढचा एक्स्टेंडर आपल्या गाडीसाठी. मागच्या नंबरप्लेटखालचा फ्लॅप मात्र मागून येणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडू नये म्हणून. साडीगार्ड हे तिसरंच प्रकरण, त्याचा चिखलाशी संबंध नाही.

फ्लॅप लावणं सोपं आहे, फक्त लांबी सांभाळा. जास्त लांब फ्लॅप गाडी उलटी ढकलताना टायरखाली सापडतो आणि स्क्रूसकट उपटून येतो. बाकी स्पीडब्रेकरला घासला तरी रबर आहे, वाकेल आणि सरळ होईल.

एक्स्टेंडरला मात्र माप लागतं. स्प्लेंडरचं पुढचं चाक १८ इंचांचं, पल्सर १५०चं १७ इंचांचं. मडगार्डची रुंदी आणि गोलाईही वेगळी, त्यामुळे "सगळ्या गाड्यांना बसतो" असं कुणी म्हणालं की मी पुढच्या दुकानात जातो. नुसत्या दुहेरी टेपवर चिकटवलेला तुकडा सोलापूरच्या मे महिन्यात किती टिकेल, हे वेगळं सांगायला नको. माझा एक्स्टेंडर ज्यांनी बसवला त्या अण्णांनी आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, मग ५ चं. बोल्टचं गोल डोकं टायरच्या बाजूला आणि नट बाहेर घेतला. उलटं केलं असतं तर बोल्टचं टोक टायरकडे आलं असतं. नट नायलॉनवाला, नाहीतर खडखडाटानं सुटतो. प्लॅस्टिकला रुंद वॉशर हवाच, नाहीतर भोकापासून चीर जाते. मडगार्ड पत्र्याचं असेल तर भोकाच्या कडेला रंगाचा हात फिरवा, गंज तिथूनच धरतो.

मग अण्णा म्हणाले, "बसा दोघं. पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर जोर द्या बघू." टेलिस्कोपिक फोर्कमध्ये, म्हणजे नळीत नळी सरकणाऱ्या पुढच्या शॉकॲब्झॉर्बरमध्ये, मडगार्ड खालच्या नळ्यांना बसवलेलं असतं. जोराचा ब्रेक लागला, की फोर्क दबतो आणि चाकासकट मडगार्ड इंजिनाकडे सरकतं. उभ्या गाडीत ऐसपैस वाटणारी फट तेव्हा संपू शकते. अण्णांनी खाली वाकून फटीत दोन बोटं घातली, हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत वळवून घेतलं आणि एक्स्टेंडरची कड कानशीनं थोडी घासली. ही तपासणी न करता कुणी गाडी हातात दिली, तर स्वतः करा.

आता एक अडचण आपल्या इथलीच. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात पावसानंतर कधी गाडी घातली असेल, तर पुढचं सांगायची गरज नाही. तिथला चिखल उडत नाही, टायरला गुंडाळतो. मडगार्ड आणि टायरमधली फट भरत जाते आणि चाक जाम होतं. एक्स्टेंडरनं ती अरुंद फट आणखी लांबते, आत कोंबलेली माती काढायला काडी नाही तर टॉमी लागते. ऑफ-रोड धाटणीच्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच का असतं, ते अशा वेळी कळतं. तेव्हा रोज शेतात जाणाऱ्यानं एक्स्टेंडर लावू नये, असं माझं स्पष्ट मत. होटगी रोड, विजापूर रोड, हायवे एवढंच ज्याचं जग आहे त्यानं खुशाल लावावा.

तो जळका फ्लॅप मी टाकला नाही. ओघळलेली कड कापली आणि उरलेला तुकडा मागे नंबरप्लेटखाली लावला.